स्वार्थ नसलेली भाषा

शालेय मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितलेले असतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मो. रा. वाळंबे यांच्या पुस्तकावर वाढलेल्या पिढ्यांना ही चौकडी पाठ असते आणि परीक्षा झाली की ती विसरलीही जाते. बोलणारा जे घडले, घडते आहे किंवा घडेल ते नुसते सांगत असेल, क्रियापदावरून केवळ काळाचा बोध होत असेल, तर तो स्वार्थ. हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात कोणीतरी हसतेच. आम्ही ते हसू बाकावरून ऐकले आहे आणि फळ्यापुढूनही. मात्र स्वार्थ ही काय वस्तू आहे हे आम्हांला उमगले ते स्वार्थ मुळीच नसलेल्या एका भाषेच्या संगतीत, आणि ती संगत घडली एका रबरी बटणांच्या यंत्रामुळे.

यंत्राचे नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने ते २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केले. १६ के स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, ४८ केच्या यंत्राची १७५. पुस्तकाहून फारसे मोठे नसलेले, चाळीस बटणांचे काळे खोके. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि लिहिलेले जपून ठेवायला कॅसेट रेकॉर्डर. आमचे काका वैद्यकीचे पुढचे शिक्षण संपवून इंग्लंडहून सांगलीला परतले तेव्हा त्यांच्या सामानात ते होते. १९८६च्या मे महिन्यात टीव्हीवर एरवी दुपारी काही नसे, म्हणून दुपारचा टीव्ही आमच्या ताब्यात आला.

त्या यंत्राची भाषा बेसिक. ती जन्मली मात्र अठरा वर्षे आधी, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधील डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे दोघे गणिताचे प्राध्यापक. संगणक हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरता राहू नये, इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्यालाही तो हाताळता यावा, हा त्यांचा आग्रह. १ मे १९६४ रोजी पहाटे त्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम चालला. म्हणजे ही भाषा मुळात आपल्यासारख्यांसाठी केली गेली होती, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात कोणी सांगत नाही. पडद्यावर अक्षरे उमटवण्याच्या आज्ञेला 'प्रिंट' का म्हणतात, याचा उलगडाही तिथेच होतो: डार्टमथला टेलिप्रिंटर होते आणि उत्तर खरोखरच कागदावर छापून येई. कागद गेला, पडदा आला, शब्द तोच राहिला. स्पेक्ट्रमवर खऱ्या कागदासाठी 'एलप्रिंट' अशी वेगळी आज्ञा करावी लागली. भाषेत असे अवशेष कसे उरतात हे सांगायला आम्हांला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

बेसिकच्या प्रत्येक ओळीला इंग्रजीत 'स्टेटमेंट' म्हणतात. स्टेटमेंट म्हणजे विधान. पण त्या ओळींत एकही विधान नसते. प्रिंट, इनपुट, गो टू, रीड, स्टॉप या सगळ्या आज्ञा आहेत. 'आज पाऊस पडतो आहे' हे त्या भाषेत सांगता येत नाही. 'आज पाऊस पडतो आहे' ही अक्षरे दाखव, एवढेच म्हणता येते. सांगणारा आणि सांगितलेले यांच्यामध्ये एक क्रियापद कायमचे उभे असते.

आणि ते सर्वांच्या पुढे उभे असते. स्पेक्ट्रमची एक लकब इथे सांगितली पाहिजे, कारण आमच्या पुढच्या सगळ्या विचारांचे मूळ तिच्यात आहे. या यंत्रावर आज्ञेचे शब्द अक्षर अक्षर टंकावे लागत नसत. ओळीच्या आरंभी पडद्यावर 'के' हे अक्षर लुकलुके. त्याचा अर्थ, यंत्र आता आज्ञेच्या शब्दाची वाट पाहते आहे. अशा वेळी 'पी' दाबले की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटे, 'एल' दाबले की 'लेट', 'जी' दाबले की 'गो टू'. शब्द उमटला की 'के'चे 'एल' होई आणि मग तीच बटणे साधी अक्षरे देऊ लागत. 'देन'च्या पुढे पुन्हा 'के'. म्हणजे क्रियापदाशिवाय वाक्य सुरूच करता येत नसे. चुकून हात पडला तरी क्रियापदच उमटे.

मराठी माध्यमात त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. आमच्या कानांना 'रन' म्हणजे क्रिकेटमधली धाव आणि 'लेट' म्हणजे उशीर. अशांना स्पेलिंगची धास्ती न घालता इंग्रजी क्रियापदे अखंड हाती येत होती ही केवढी सोय. पण अडचण स्पेलिंगपेक्षा खोल होती. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. 'रामाने झाडाखाली पडलेले पिकलेले आंबे' इथपर्यंत ऐकूनही राम ते आंबे उचलणार, मोजणार की तुडवणार याचा पत्ता नसतो; ऐकणाऱ्याने सर्व नामे पदरात धरून थांबायचे असते. मराठी गद्याची सारी चाल या थांबण्यावर उभी आहे. यंत्राला असे थांबणे मान्य नव्हते. काय करायचे ते आधी सांग, कशाचे करायचे ते मग. त्या दुपारींत आम्ही मनातल्या मनात मराठी वाक्ये उलटी मांडू लागलो, आणि उलटी मांडल्यावर त्यांतले काय सांडते ते दिसू लागले.

याच आज्ञा मराठीत द्यायच्या झाल्या तर? काकांनी हा प्रश्न जेवताना विचारला आणि घरात दोन तट पडले. 'छाप' म्हणायचे की 'छापा'? इंग्रजी 'प्रिंट'ला हा पेच ठाऊकच नाही. मराठीला मात्र यंत्राशी नाते ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आजीचे मत 'छाप' असे पडले. देवाला, आईला आणि लेकराला अरे-तुरे चालते, मग या डब्यालाच कशाला अहो-जाहो? काकू म्हणाल्या, परक्या घरचे आहे, 'छापा' म्हणावे. सरकारी नोकरीत असलेल्या धाकट्या काकांनी तिसराच मसुदा सुचवला: 'सदर मजकूर छापण्यात यावा.' हसण्यावारी गेले खरे, पण शासकीय मराठीत कोणी कोणाला आज्ञा करत नाही, सारे विध्यर्थात आणि कर्मणीत 'करण्यात येते', हे आमच्या तेव्हा ध्यानी आले. यंत्राने तो मसुदा निमूटपणे पाळला असता का, हे विचारण्यात अर्थ नाही. कोणी करायचे ते त्यात सांगितलेलेच नाही.

असो. आता 'लेट'. डार्टमथच्या बेसिकमध्ये हा शब्द अनिवार्य होता, स्पेक्ट्रमवरही होता. समकालीन बीबीसी मायक्रोवर तो गाळता येई. 'लेट क्ष = ५' या ओळीचा तर्जुमा आम्ही भूमितीच्या सवयीने 'समजा, क्ष = ५' असा केला. भूमितीतले 'समजा' हे सिद्धता संपेपर्यंत पाळायचे वचन असते. पण पुढच्या पानावर आले 'लेट क्ष = क्ष + १', आणि बीजगणिताच्या वहीत ज्याला लाल रेघ बसली असती ते इथे बिनदिक्कत चालले. दोन्हीकडचे क्ष उडवले तर शून्य बरोबर एक उरते. त्या बरोबरच्या चिन्हात बरोबरी नव्हतीच. उजवीकडचा क्ष कालचा आणि डावीकडचा आजचा. चिन्हाच्या दोन बाजूंमध्ये काळ गेलेला होता. गणिताच्या समीकरणाला काळ नसतो. इथल्या समीकरणासारख्या दिसणाऱ्या ओळीत आधी आणि नंतर होते, आणि आधी-नंतर आले की कथा आली. इंग्रजी बायबलात ईश्वर प्रकाश निर्माण करतो तो याच क्रियापदाने, हे आम्हांला पुष्कळ पुढे कळले. मराठीत त्याला 'समजा'पेक्षा 'होवो' जवळचे.

'इफ'-'देन' ही जोडी 'जर-तर'सारखी दिसते, म्हणून तिला संकेतार्थ म्हणावेसे वाटते. पण मराठी संकेतार्थाचा जीव 'असते तर' मध्ये आहे. पाऊस पडला असता तर पीक आले असते: जे झाले नाही त्याची हळहळ या रूपात मुरलेली असते. बेसिकचा 'इफ' फक्त या क्षणापुरता पाहतो. अट खरी असेल तर 'देन'पुढचे करतो, नसेल तर खालच्या ओळीवर उतरतो. स्पेक्ट्रमवर 'एल्स' नव्हते. 'जर-तर' होते, 'नाही तर' नव्हते. जे घडले नाही त्याला वेगळा शब्द न देता नुसते पुढे जायचे, ही शिस्त तेव्हा आम्हांला विचित्र वाटली. पुढे काही लघुकथांत ती भेटली तेव्हा आम्ही तिला ओळखले.

मग स्वार्थ कुणाकडे होता? यंत्राकडे. आम्ही आज्ञा द्यायची आणि त्याने वृत्त द्यायचे. माहितीपुस्तकात त्या निरोपांना 'रिपोर्ट' असेच म्हटले होते. सर्व ठीक झाले, अमुक नावाचा चल सापडला नाही, बेसिकच्या दृष्टीने हे निरर्थक आहे: ही सगळी साधी, शांत विधाने, शेवटी ओळीचा क्रमांक. क्वचित भूमिका बदलत. बावीस ओळी भरल्या की यंत्र 'स्क्रोल?' एवढे विचारून थांबे. हा त्याचा प्रश्नार्थ. आणि कॅसेटवर प्रोग्रॅम उतरवताना ते आम्हांला सांगे की टेप सुरू करा आणि कोणतेही बटण दाबा. त्या वेळी आज्ञा त्याची असे आणि पाळणारे आम्ही.

या वृत्तांमध्ये एक विभागणी होती. व्याकरण चुकले तर ओळ स्वीकारलीच जात नसे. चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकत राही. व्याकरण बिनचूक पण अर्थ फसलेला असेल, तर ओळ मुकाट्याने घेतली जाई आणि प्रोग्रॅम चालवल्यावर काहीतरी भलतेच घडे. उदाहरणार्थ, 'अ'ची किंमत ५ ठेवली आणि पुढे 'प्रिंट अ' लिहिले, तर पडद्यावर ५ येतो. अवतरणचिन्हे घालून 'अ' लिहिले, तर अ हे अक्षर येते. दोन्ही ओळी शुद्ध. दोन बारीक टिंबांच्या जोड्यांनी शब्द आणि त्याचा अर्थ यांची फारकत केलेली. पाणिनीने याच प्रश्नासाठी एक सूत्र खर्ची घातले आहे, व्याकरणात शब्द आला की त्याचा अर्थ न घेता त्याचे रूप घ्यावे म्हणून. (याच सुमारास, १९८५ साली, रिक ब्रिग्ज यांचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख प्रसिद्ध झाला आणि 'संगणकाला संस्कृतच योग्य' ही आवई उठली. पाणिनीचे मोठेपण तिच्यावर अवलंबून नाही.) यंत्रापुढे 'मला असे म्हणायचे होते' या वाक्याला काडीची किंमत नव्हती. ते हेतू वाचत नव्हते, संहिता वाचत होते. लेखकाचा हेतू आणि संहिता यांवरचे समीक्षेतले वाद आम्ही एम.ए.ला वाचले तेव्हा त्यांतला एक पक्ष आम्हांला आधीपासून परिचयाचा होता. त्याला रबरी बटणे होती.

या भाषेची सर्वांत बदनाम आज्ञा 'गो टू'. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने मार्च १९६८मध्ये एका पत्रातून तिच्यावर हल्ला चढवला, आणि १९७५मध्ये तर बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीला कायमची इजा होते अशा आशयाचे लिहिले. दुसरे मत आम्हांला अतिरेकी वाटते. पहिले पत्र मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे. त्याचे म्हणणे असे की कागदावर पसरलेला मजकूर आणि काळात घडणारी क्रिया यांचे नाते वाचणाऱ्याला सहज उमगले पाहिजे. 'गो टू' ते नाते तोडते, कारण एखाद्या ओळीवर आपण कोठून आलो हे ओळ पाहून कळत नाही. कथनमीमांसेत आपण ज्याला घटनाक्रम आणि कथनक्रम म्हणतो त्याचाच हा प्रश्न आहे. 'गो टू' म्हणजे सापशिडीतला साप: अठ्ठ्याण्णववरून अठ्ठाविसावर येता, आणि तिथे कसे आलात याची खूण घरावर नसते. 'गो सब' मात्र कीर्तनकारासारखे वागते. बुवा निरूपणातून आख्यानात शिरतात, आख्यानातून उपकथेत, तिथून एखाद्या चुटक्यात, आणि मग एकेक पायरी चढत नेमके मूळ अभंगाच्या त्याच चरणावर येतात. श्रोत्याला तो चरण आठवत नसला तरी बुवांना आठवतो. 'गो सब' कोठून निघाले ते यंत्र लक्षात ठेवते आणि 'रिटर्न' आले की तिथे परतते. पंचतंत्राची रचनाही अशीच.

तरी 'गो टू'वरचा आमचा लोभ गेला नाही. दहाव्या ओळीत आपले नाव छापायचे, विसाव्या ओळीत दहावर परत पाठवायचे; दोन ओळींत अनंत. अशाच एका ओळीवर २०१२मध्ये निक मॉन्टफोर्ट आणि इतर नऊ जणांनी मिळून एक आख्खे पुस्तक लिहिले. कमोडोर ६४ या यंत्रावरची ती ओळ दोन तिरप्या रेघांतून कोणतीही एक निवडून छापत राहते आणि पडद्यावर न संपणारा चक्रव्यूह तयार होतो. पुस्तकाचे नावही ती ओळच. एका ओळीचे इतके बारकाईने वाचन करायला आपल्याकडे ज्ञानेश्वरीची ओवी लागते.

ओवीवरून आठवले. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक द्यायची रीत होती, मध्ये काही घालायचे राहिले तर नऊ जागा मोकळ्या राहाव्यात म्हणून. प्रक्षेपाची सोय आधीच करून ठेवणारी अशी संहिता आम्ही दुसरी पाहिलेली नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त श्लोकांना तारांकित करून तळटीपेत बसवावे लागले. इथे ११ ते १९ हे अंक त्यांचीच वाट पाहत असत. 'फॉर'-'नेक्स्ट'विषयी इतकेच सांगतो की ती जपमाळ आहे. एक ते एकशे आठ, मेरुमणी आला की थांबा.

त्या महिन्यातले आमचे खरे काम मात्र 'डेटा' या आज्ञेशी झाले. तिला आज्ञा म्हणणेही कठीण. त्या ओळीत आकड्यांची यादी असते, आणि यंत्र त्या ओळीवर आले तरी काही न करता पुढे जाते. दुसरीकडून 'रीड' मागेल तेव्हा एकेक आकडा द्यायचा, एवढेच तिचे काम. सगळ्या भाषेत नुसते असणे जर कुठे असेल तर ते इथे.

स्पेक्ट्रमवर एकवीस अक्षरे वापरणाऱ्याने स्वतः घडवावीत अशी सोय होती. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींचे. चौकट भरली तर एक, मोकळी तर शून्य. एका आडव्या ओळीचा एक आकडा, अक्षराचे आठ. आम्ही आलेखवही काढली आणि देवनागरीला हात घातला. पहिलाच शोध असा की प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा २५५ येतो. आठही घरे भरलेली: शिरोरेषा. यंत्रातली रोमन अक्षरे कडेला मोकळी जागा ठेवून बेतलेली होती, शेजारच्याला अंग लागू नये म्हणून. आमची अक्षरे एकमेकांना टेकल्याशिवाय शब्दच होत नव्हता. उभ्या दांड्याचे अक्षर असेल तर शेवटचा आकडा ४. मधल्या सहा आकड्यांत न, म, ग यांचे सारे वेगळेपण.

मग वेलांटी आली. ती शिरोरेषेच्या वर जाते आणि वर तर घरच नाही. शिरोरेषा दोन घरे खाली आणली तर अक्षराला उरतात पाच ओळी. त्यांत 'भ' आणि 'म' यांच्यात फरक राहत नाही. शिवाय क, कि, के प्रत्येक वेगळे घडवायचे, आणि जागा एकवीस. बाराखडीच्या दीड ओळीत यंत्र भरले. काका म्हणाले, ज्या शब्दांना वर-खाली काही नाही असे शब्द शोध. एक अख्खी दुपार आम्ही मराठी शब्द तेवढ्यासाठी चाळले: घर, नभ, वन, मन, जग. 'आई' बाद. 'पाणी' बाद. 'विठ्ठल' तर कुठल्याच हिशेबात बसेना. शेवटी ठरला तो शब्द दोनच अक्षरे घडवून होत होता. सोळा आकडे 'डेटा'च्या दोन ओळींत भरले, 'रीड'ने उचलून नेमक्या जागी ठेवले, आणि सांगलीच्या त्या टीव्हीवर एका सलग रेघेखाली उमटले: नमन. आजीने चष्मा लावून पाहिले, आणि तिने ते वाचले. इंग्रजी न येणाऱ्या माणसाने त्या पडद्यावरचे काही वाचण्याची ती पहिलीच वेळ होती.

वीज दिवसातून दोनदा जाई आणि तिच्याबरोबर लिहिलेले सर्व. म्हणून तो प्रोग्रॅम आम्ही एका जुन्या कॅसेटवर उतरवून ठेवला, आणि त्याला पहिली ओळ जोडली 'रेम'ची.

'रेम' म्हणजे रिमार्क, शेरा. 'रेम'पुढे काहीही लिहावे, यंत्र ते वाचत नाही. त्या भाषेतली ही एकच आज्ञा पुढे वाचणाऱ्या माणसासाठी आहे. तिला मोल मात्र द्यावे लागे. 'प्रिंट' हा शब्द स्मृतीत एकच बाइट घेई, कारण यंत्राला तो एक खूण म्हणून ठाऊक होता. 'रेम'पुढचे माणसाचे बोलणे मात्र दर अक्षराला एक बाइट. जागा कमी पडू लागली की पहिली कुऱ्हाड 'रेम'वर. पूर्वमीमांसेत वेदवाक्यांची अशीच वर्गवारी आहे: विधी हे मुख्य, आणि जे काही आज्ञा देत नाही, नुसती स्तुती करते किंवा गोष्ट सांगते, तो अर्थवाद. पण मीमांसकांनी अर्थवाद खोडून टाकला नाही. विधी करावासा वाटावा म्हणून तो आहे, असे म्हणून त्यांनी त्याला घरात ठेवले.

आमच्या त्या ओळीत रोमन अक्षरांत आजीचे नाव होते आणि 'वाचले' हा शब्द. भूतकाळ, स्वार्थ. सव्वीस बाइट.